लाल भाताची चौकशी

सैन्यात सामान गहाळ झालं की चौकशी बसते. सत्तावीस वर्षं पुरवठा विभागात काढली, कित्येक चौकश्या मी बसवल्या. ही माझीच आहे. कर्नल हरेश तरे, निवृत्त होऊन आठ महिने, भिवंडीच्या घरात स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. विचारणारा मी, सांगणारा मी.

काय गेलं?

एक छोटं पिंप भात. खाऱ्या जमिनीत येणारं, लाल.

गेलं म्हणजे?

खाल्लं. मी, बायको शुभदा, मुलगी करिष्मा. तेरा दिवस. चव चांगली होती.

कोणाच्या ताब्यात होतं?

आक्काच्या, म्हणजे आईच्या. ती गुडघे शेकायला वज्रेश्वरीच्या कुंडांवर, मावशीकडे गेली होती. मला काम नव्हतं. काम नसलं की मी कोठी लावतो. लेहला लावली, जोरहाटला लावली. इथे चार पिंपं होती. तीन यंदा विकत घेतलेल्या भाताची, एक आदल्या वर्षीच्या घरच्या भाताचं. नियम एकच: जुनं आधी बाहेर. जुनं पिंप गिरणीवर नेऊन भरडून आणलं.

बियाणं आहे हे कळलं नाही?

नाही. लहानपणी बियाणं पेंढ्याच्या मुड्यात बांधलेलं असायचं. मुडा दिसला असता तर हात लावला नसता. प्लास्टिकच्या पिंपावर काय लिहिलेलं असतं? मागच्या पावसात खाडीचं पाणी शेतात शिरलं, पीक गेलं, म्हणून आक्काने जुनंच बी राखलं होतं. हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आक्का परतली त्या दुपारी जेवायला बसलो. पहिला घास तिने बोटांनी कुस्करला आणि थांबली.

"यो भात कुठला?"

"कोपऱ्यातल्या पिंपातला."

तिने ताट पुसून संपवलं. हात धुऊन आली, मग म्हणाली, "कर्नल झालास. बी खाल्लंस."

शुभदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी म्हटलं होतं, आक्कांना फोन करूया."

"मग करायचा होतास."

"तुम्हीच म्हणालात, कोठी लावायला परवानगी लागत नाही."

नुकसान किती?

खारबावला खाडीकडेला दहा गुंठे उरलेत. बाकी सगळ्या शेतांवर गोदामं आहेत. धाकटा भाऊ तुळशीराम या दहा गुंठ्यांतही मातीचा भराव टाकायला टपलेला. आक्काने त्याच्याकडून शब्द घेतलाय: मी पेरते तोवर भराव नाही. यंदा पेरणी हुकली की तो मोकळा.

त्याचा फोन तासाभरात आला. "दादा, जन्मभर ट्रक पाठवलेस. आता माझे डंपर पाठवू का?"

"जूनपर्यंत थांब."

"थांबतो की. भरडलेलं बी उगवतं का, मलाही बघायचंय."

दुसरीकडून मिळालं असतं?

अंबाडीला जाऊन बियाण्याची चार दुकानं फिरलो. चौथा म्हणाला, "साहेब, खारं पाणी लागलं की यातलं सगळं जळणार." आमच्यासारखं भात फक्त गुणाबाईकडे. तिचं शेत आमच्या शेताला लागून. तिने मधला बांध कोरून आमची जागा घेतली म्हणून आक्का एकोणीस वर्षं तिच्याशी बोलत नाही.

गेलो. तिच्या ओट्यावर टेकलो तेव्हा वाटलं, इथेच आडवं व्हावं.

"चहा घेनार, का लगेच कूच?" गुणाबाई म्हणाली.

"काकी, बी हवंय."

"बी खाल्लंस म्हनं. फौजेत उपाशी ठेवत व्हते का रं?"

बियाणं आमच्याकडे विकत नाहीत, बदल्यात देतात. मी तांदळाची गोणी नेली होती. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"आक्काला इचार, मी बांध कोरला का. न्हाय म्हनली तर घेऊन जा."

अंगणाबाहेर जाऊन फोन लावला. आक्काने सगळं ऐकून घेतलं.

"कोरला," ती म्हणाली. "दोन हात कोरला. तसंच सांग तिला."

"आक्का, भराव पडेल."

"पडू दे. मी न्हाय म्हननार न्हाय."

फोन बंद. रस्त्याने कंटेनर चालले होते, एकामागे एक. सत्तावीस वर्षांत एकाही खोट्या पावतीवर सही केली नाही. त्यापायी बढती दोनदा लांबली. करिष्माच्या बारशालाही मी नव्हतो, कारण माल उतरेपर्यंत जागा सोडायची नसते. कोणी सोडली असती तर काय झालं असतं, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला त्राण नाही.

आत आलो. "आक्का म्हणाली, नाही कोरला."

गुणाबाई म्हणाली, "अशी म्हनली?"

"हो."

"न भांडता?"

"हो."

"मंग ती आक्का न्हवती." ती गुडघ्यांवर हात रोवून उठली, आत गेली. बराच वेळ भांड्यांचे आवाज येत राहिले. मग बियाण्याची गोणी फरफटत बाहेर आली.

"पेरनार कोन? तिचे गुडघे गेले."

"मी."

"तुजे हायेत का?"

"नाहीत."

ती गोणीचं तोंड सुतळीने बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "लावनी करशील तवा माज्या बाजूला दोन हात पुढं ये. तेवढं तुमचंच हाय. आक्काला सांगू नको."

गोणी मोठी नव्हती. गाडीपर्यंत तीनदा खाली ठेवली.