कप्तानांचा गुरुवार

कप्तानांच्या बायकोने टेबलावरची सोया सॉसची बाटली उचलली, झाकण उघडून नाकाशी नेली आणि डोळे मिटून असा काही श्वास ओढला, की अर्धा सॉस नाकावाटे वर जातो की काय, असं कप्तानांना वाटलं. मग तिने झाकण घट्ट लावलं, बाटली होती तिथे ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली.

“हाच वास,” ती म्हणाली. “दर गुरुवारी तुम्हा दोघांच्या कपड्यांना येतो तो.”

पूर्वेकडच्या पद्धतीच्या सगळ्याच हॉटेलांना हा वास असतो, असं कप्तानांनी सांगितलं. घाईघाईने सांगितलं, म्हणून ते त्यांचं त्यांनाच खोटं वाटलं. एरवी त्यांची थाप कशी छाती काढून, ऐटीत बाहेर पडायची. पण आज ते कोपऱ्यातल्या खुर्चीत अडकले होते. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला थंड पेयांचं कपाट, पाठीशी पुन्हा भिंत आणि समोर बायको. उठायचं म्हटलं तर आधी तिला उठावं लागलं असतं, आणि बाईची बैठक काही उठण्यातली दिसत नव्हती.

हॉटेल म्हणजे चष्म्याचं दुकान आणि लाँड्री यांच्यामध्ये कुणीतरी गुडघा लावून कोंबलेली एक खोली होती. फळ्यावर खडूने यादी लिहिलेली: चीजचे मोमो, टोमॅटोच्या रश्शातले नूडल्स, किमचीचं सँडविच. सगळं कॉलेजातल्या पोरांच्या खिशाला झेपेल असं. बाईच्या पाठीमागच्या भिंतीत ताटं बाहेर सरकवायची एक बुटकी खिडकी होती. तिच्यातून आतल्या माणसांचे फक्त हात दिसायचे. आत्ता तिथे हातांच्या दोन जोड्या होत्या. एक जोडी मालकिणीची. दुसरी जोडी पारी उचलत होती, सारण ठेवत होती, कडा चिमटून मोमो ताटात मांडत होती, आणि हे सगळं इतक्या सरावाने, की ते हात आज पहिल्यांदा या स्वयंपाकघरात आलेत असं आंधळ्यालाही वाटलं नसतं. ते हात सुनेचे होते. आत काय काय घालतात ते विचारून येते, असं सांगून ती गेली होती. बाईने नुसती मान वळवली असती, तरी सगळं उघडं पडलं असतं. म्हणून कप्तान तिची मान आपल्याकडेच राहावी, एवढ्यासाठी बोलत होते. आणि बोलायला काही सुचत नव्हतं, ही त्यांच्या आयुष्यातली अजब गोष्ट होती.

गल्ली त्यांना कप्तान म्हणायची. बाईला, तिच्या पाठीमागे, बंदरप्रमुख म्हणायची. कारण तिच्या परवानगीशिवाय त्या घरातून मांजरसुद्धा सुटत नसे. लग्नाआधीची तीन वर्षं कप्तान पूर्वेच्या समुद्रात होते, हे गल्लीतल्या पोरासोरांना पाठ होतं. तिकडचा नूडल म्हणे इतका लांब असायचा, की त्याचं एक टोक धक्क्यावरच्या खुंटाला बांधून ठेवत, आणि खाणारा दुसरं टोक तोंडात धरून होडीतून निघायचा. पलीकडच्या बेटावर पोचेस्तोवर त्याचं पोट भरलेलं असायचं. भरतीच्या वेळी नूडल ताणला जाऊन तुटला, तर नवीन मिळत नसे. “नियम म्हणजे नियम,” असं कप्तान गंभीरपणे सांगायचे.

खरं म्हणाल तर कप्तानांनी समुद्र पाहिला तो गोदीच्या दारातून. ते रंगारी होते. गोदीत पाणी उपसून उभ्या केलेल्या जहाजांच्या बुडाला तांबडा रंग द्यायचा आणि नाकाडावर पांढऱ्या रंगात नाव काढायचं, हे त्यांचं काम. रंग वाळला, की पाणी सोडायचे. जहाज तरंगायचं, भोंगा वाजवायचं आणि निघून जायचं. कप्तान डबा नि ब्रश घेऊन तिथेच. लग्न ठरायच्या दिवसांत मुलीवर छाप पडावी म्हणून त्यांनी त्यातल्या एका जहाजावर स्वतःला चढवलं, आणि मग तिथून खाली उतरायला कधी शिडीच मिळाली नाही.

थापेचं एक असतं, ती मारणाऱ्याला सोडते पण ऐकणाऱ्याला धरते. कप्तानांच्या मुलाने ती दुधाबरोबर प्यायली आणि मिसरूड फुटल्याबरोबर तो खऱ्याखुऱ्या जहाजावर गेला. आता वर्षाकाठी काही आठवडे घरी यायचा. लग्न केलं, बायको आईच्या स्वाधीन केली आणि पुन्हा गेला. बाई सुनेला तोडून बोलत नसे, उपाशी ठेवत नसे. चांगलंचुंगलं तिच्या ताटात आधी वाढायची. फक्त दाराबाहेर जाऊ देत नसे. एक गेला तेवढा पुरे, एवढंच तिचं म्हणणं. सून नुसती चपलांकडे बघायची आणि आतल्या खोलीतून आवाज यायचा, “कुठे?” त्या एका शब्दापुढे दुसऱ्या शब्दाची गरजच पडत नसे.

मग एके दिवशी दाराखालून एका नव्या फ्यूजन हॉटेलाचा कागद आत आला. असल्या सुपात आम्ही तिकडे हातसुद्धा धुतले नसते, असं कप्तान म्हणाले. त्यावर सून भाजी निवडता निवडता खाली मान घालून म्हणाली, की मग बाबांनी एकदा खरी चव दाखवावीच. कप्तानांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, रस्ता ओलांडायला हात धरणारं कुणीतरी हवंच होतं. बाईने विचार केला आणि गुरुवार दिला.

तेव्हापासून त्या दोघांनी शहर पालथं घातलं. बस डेपोमागचं हॉटेल झालं, सायकलच्या दुकानावरचा कॅफे झाला, शिलाई मशिनांच्या सांगाड्यांवर टेबलं ठोकलेला झाला. सुशीत उकडलेला बटाटा खाल्ला, रामेनवर वितळलेलं चीज खाल्लं. कप्तान प्रत्येक घासाला एक गोष्ट सांगायचे, आणि सून हसायची. घरात तिला कधी कुणी तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग हे चष्म्याच्या दुकानाशेजारचं सापडलं आणि पुढचे सगळे गुरुवार इथेच बुडाले. सून आत जायची, कप्तान एकटे जेवायचे. घरी परतताना दोघं मिळून बाईला सांगायला नव्या हॉटेलचं नाव ठरवायचे. ती आत का जाते, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

सांगितलं ते गेल्या गुरुवारी, घराच्या जिन्यात.

“बाबा, त्या मालकीणबाई मला रोज बोलावतात. पगारी. आई सोडणार नाहीत. तुम्ही बोलाल?”

बोलतो की, त्यात काय, असं कप्तान म्हणाले. आणि आठवडाभर त्यांची पाचावर धारण बसली. चहाच्या वेळी तोंड उघडायचे आणि त्यातून अजस्र ऑक्टोपस निघायचा. जेवताना उघडायचे आणि वादळ निघायचं. ज्या माणसाने चाळीस वर्षं अख्खा समुद्र तोंडाने पार केला, त्याला बायकोसमोर एक साधं सरळ वाक्य उच्चारता येत नव्हतं. आणि काल रात्री भांडी आवरताना बाईच म्हणाली होती, की या खेपेला मीही येते. कुठे जायचं म्हटल्यावर सुनेने चटकन याच हॉटेलाचं नाव घेतलं होतं.

आता मालकीण मोमोची ताटली घेऊन बाहेर आली. ठेंगणी, पन्नाशीची, मूळची पूर्वेकडचीच, मनगटापर्यंत पीठ लागलेली. ती टेबलाशी येते तोच बाईने तिचा हात हलकेच धरला.

“ताई, हे तरुणपणी तीन वर्षं तुमच्या मुलखात होते. तुमची भाषा येते त्यांना. दोन शब्द बोला ना त्यांच्याशी. आम्हाला कधी ऐकायला मिळाली नाही.”

मालकिणीने कप्तानांकडे पाहिलं. मग हसून, जरा वाकून, तिच्या भाषेत ती काहीतरी बोलली. बरंच लांबलचक आणि गोड होतं ते. शेवटी आवाज वर गेला, त्यावरून तो प्रश्न होता एवढं कप्तानांना कळलं. स्वयंपाकघराच्या दारात सून येऊन उभी राहिली होती. तिचे हात पिठाने पांढरे होते आणि ते लपवायचं तिला भान नव्हतं.

तिकडची म्हणावी अशी अक्षरं कप्तानांच्या डोक्यात एकाच जागी साठलेली होती. गोदीत आलेल्या तिकडच्या जहाजांची नावं. स्वतःच्या हाताने, दोरीवर लोंबकळत, एकेक अक्षर काढलेली. त्यांनी घसा साफ केला आणि मासळीच्या एका जुन्या जहाजाचं नाव घेतलं. त्याला जहाजं ओढणाऱ्या एका टगबोटीचं जोडलं. शेवटी एक तेलवाहू जहाज मानेला झोका देत सोडून दिलं.

मालकिणीने दाराकडे पाहिलं, सुनेचा चेहरा पाहिला. मग पुन्हा वाकली, पहिल्यापेक्षा खोल, आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता तिने उत्तर दिलं.

“काय म्हणाल्या?” बाईने विचारलं.

आठवडाभर घशात अडकलेलं वाक्य आपलं म्हणून काही केल्या सुटत नव्हतं. परक्या बाईचं म्हणून ते अलगद बाहेर आलं.

“म्हणतात, तुमच्या सुनेच्या हाताला वळण आहे. रोज दुपारची कामाला पाठवाल का.”

मालकिणीने मान डोलावली. जरा जास्तच वेळा डोलावली. सुनेने दाराची चौकट धरली.

बाईने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. कप्तान भिंतीला इतके टेकले होते, की आणखी थोडं सरकले असते तर चष्म्याच्या दुकानात निघाले असते.

“विचारा, काम काय,” ती म्हणाली. “त्यांच्याच भाषेत विचारा.”

कप्तानांनी एक मालवाहू जहाज खर्ची घातलं. मालकीण बोलली. मोमो वळायचे, भाज्या चिरायच्या, गिऱ्हाइकांसमोर यायचं नाही, असं कप्तानांनी सांगितलं. यातलं शेवटचं त्यांनी पदरचं घातलं होतं. सोबतीला कोण असतं, हे विचारण्यात भंगारात गेलेलं एक जहाज संपलं. दोघीच असतो, असं उत्तर आलं. सुटी केव्हा, यात गाळ उपसणारी एक बोट गेली. गोदी रिकामी होत चालली होती.

बाईने घडी केलेला रुमाल टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात ठेवला.

“आणि एवढं विचारा,” ती म्हणाली. तिचा आवाज बंदरप्रमुखाचा नव्हता. “संध्याकाळी घरी येईल ना? रोज?”

कप्तानांनी डोकं खाजवलं. काही शिल्लक नव्हतं. मालकीण वाट पाहत होती, सून वाट पाहत होती. जीभ आपली आपणच अंधारात चाचपडत गेली आणि पहिलं हाताला लागलं ते नाव घेऊन आली. ते नाव त्यांनी रंगवलेलं नव्हतं. ते त्यांच्या घरात रोज सकाळी, हवामानाच्या बातम्या लागल्या की, घेतलं जायचं. मुलाच्या जहाजाचं होतं ते.

तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं. रुमालावरची बाईची बोटं मिटली. सुनेने खाली पाहिलं. या नावाला काय झालं ते मालकिणीला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी झालंय हे तिलाही समजलं असावं, कारण या वेळी ती अगदी थोडं आणि हळू बोलली.

“काय म्हणाल्या?” बाईने विचारलं. ती कप्तानांकडे बघत नव्हती.

“येईल म्हणतात. रोज येईल.”

“कोण?”

डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरत होता.

“सून,” ते म्हणाले.

बाई ताटलीतल्या वाफेकडे बघत राहिली. वाफ विरळ झाली, मग नाहीशी झाली.

“बरं,” ती म्हणाली. “निदान ती तरी.”

मग तिने मान वळवली. दारातली सून पाहिली, तिचे पांढरे हात पाहिले, आणि खिडकीतून दिसणारं मोमोचं अर्धं भरलेलं ताटही पाहिलं.

“उभी काय राहिलीस?” ती म्हणाली. “आत पीठ वाळत असेल.”

सून आत पळाली. मालकीण तिच्या मागोमाग गेली. थोड्या वेळाने खिडकीत हातांच्या दोन जोड्या पुन्हा दिसू लागल्या. बाईने खुर्ची जराशी तिरकी करून घेतली, म्हणजे टेबलही समोर राहील आणि खिडकीही. त्यामुळे कप्तानांना कोपऱ्यातून बाहेर पडण्यापुरती फट मिळाली होती, पण ते तिथेच बसून राहिले. बाईने एक मोमो उचलला, तोंडात टाकला आणि सावकाश, पार शेवटपर्यंत चावला.

“अळणी आहे,” ती म्हणाली. “मीठ मागा. आणि आपल्याच भाषेत मागा.”