आठव्या पायरीच्या राणीचं जेवण

"मिस, चीनच्या बादशहाच्या सगळ्यात खालच्या राणीला जेवायला काय मिळायचं?"

वर्ग हसला. प्रश्न माझा नव्हताच. हिस्टरीच्या तासाला उभं राहून हे विचारायचं डेअर माझ्या मैत्रिणींनी, शुभ्रा आणि नादियाने, दिलं होतं. मागच्या वर्षीची जेनिस, म्हणजे मी, उभी राहिलीच नसती, ती हजेरीलासुद्धा बाकाला सांगितल्यासारखं 'प्रेझेंट' म्हणायची. यंदा डिबेटमध्ये दुसरी आले, तेव्हापासून मला गप्प करायला बेल लागते.

चिनी राण्या माझ्याच वाट्याला का, तर आम्ही आखातातल्या इंटरनॅशनल सिटीत, देशांची नावं दिलेल्या वस्त्यांपैकी चायना क्लस्टरमध्ये राहतो. नादियाच्या मते त्यामुळे मी निम्मी चिनी आहे. ती स्वतः पर्शिया क्लस्टरमध्ये राहते, त्याचं काही नाही. शिवाय मम्मी. ती हॉटेलच्या रिसेप्शनवरून साडेतीनला घरी येते, चहा करते आणि चिनी राजवाड्याची सिरियल लावते. झुंबराएवढे दागिने डोक्यावर घेतलेल्या बायका एकमेकींना 'ताई, ताई' करत सूपमध्ये काहीतरी कालवत असतात. मम्मी म्हणते, "आमच्या फ्रंट ऑफिसचंच शूटिंग आहे हे."

एमान मिस हसल्या नाहीत. "गुड क्वेश्चन. मला माहीत नाही," त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "शोध आणि गुरुवारी वर्गाला सांग. टीव्हीवरून नको."

"यल्ला, चला राणीसाहेब," शुभ्रा कुजबुजली.

आणि शुक्रवारी सकाळी फॉर्म द्यायचा होता, अकरावीला काय घेणार त्याचा. डॅडींनी तो पेनाने भरूनही ठेवला होता. सायन्स, पुढे फार्मसी. फक्त माझ्या सहीची जागा रिकामी होती. मला हिस्टरी हवी होती, पण घरात मी अजून चकार शब्द काढला नव्हता. डिबेटमध्ये समोरच्याला तीन मिनिटं मिळतात, डॅडींना लिमिट नाही.

तीन दिवस मी लायब्ररीत खपले. चीनच्या शेवटच्या, चिंग राजघराण्यात राण्यांच्या आठ पायऱ्या होत्या, आणि प्रत्येकीचं रोजचं रेशन ठरलेलं. मांस, मेणबत्त्या, कोळसा, सगळं लिहून ठेवलेलं. पट्टराणीला रोज सोळा जिन डुकराचं मांस. एक जिन म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम. आठव्या पायरीला दीड जिन.

मी हे सांगितलं तेव्हा मम्मीने सिरियल थांबवली. मम्मी सिरियल कुणासाठी थांबवत नाही.

"रोज साडेनऊ किलो? आणि आपण नाताळला दोन किलो आणतो तर घरभर मिरवतो."

"आठवीला पण नऊशे ग्रॅम आहे की," डॅडी पेपरमागून म्हणाले. "मग ती सारखी रडते कशाला?"

डॅडी सिरियल बघत नाहीत. फक्त तिथे बसून पेपर वाचतात, रोज एकच पान.

बुधवारी मला आणखी एक गोष्ट सापडली. राजवाड्यात निवडीसाठी मुली आणायचे, तेरा ते सतरा वर्षांच्या. कुठल्या घरच्या मुली न्यायच्या याच्या याद्या सरकारात तयार असायच्या. पूर्ण पुस्तकात मुलीला कुणी काही विचारल्याचं मला दिसलं नाही. माझं वय पंधरा. मी पुस्तक मिटलं.

गुरुवारी उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की हे सगळं भाषण डुकराच्या मांसावर आहे आणि पहिल्या बाकासमोर एमान मिस बसल्यात.

"एम्प्रेसला रोज सिक्स्टीन जिन... ते मीट मिळायचं."

"कुठलं मीट?" मिसनी विचारलं.

"मिस, ते... सुपरमार्केटमध्ये आतल्या खोलीत असतं ते."

जिथे दारावर 'नॉन-मुस्लिम' लिहिलेलं असतं ती खोली. वर्ग लोळायचा बाकी राहिला. नादियाने तर ओढणीत तोंड खुपसलं. मिस मात्र शांत.

"जेनिस, त्यांनी ते खाल्लं. मला खायला सांगत नाहीयेस तू. वस्तूचं नीट नाव घे, नाहीतर खाली बस."

मी नाव घेतलं. एकदा घेतल्यावर पुढे अकरा वेळा घेतलं, मेणबत्त्या सांगितल्या, कोळसा सांगितला, याद्यांमधल्या मुली सांगितल्या. बेल झाली तरी कुणी उठलं नाही. जाताना मिस म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझ्या वर्गात आहेस ना?" त्यावर मी ऑफिसमध्ये जाऊन कोरा फॉर्म मागितला.

संध्याकाळी मम्मी डाळ वाढत होती. डॅडींनी विचारलं, "सही केलीस का गं बाय?"

"डॅडी, ॲक्च्युअली... ते सब्जेक्टचं जरा..."

"कुठल्या सब्जेक्टचं?"

आतल्या खोलीतलं, असंच म्हणणार होते मी. मग पाणी प्यायले.

"हिस्टरी. डॅडी, मम्मी, मी अकरावीला सायन्स नाही, ह्युमॅनिटीज घेतेय. नवा फॉर्म आणलाय. पेनाने भरलाय, माझी सही झालीय. तुमच्या सहीची जागा तेवढी रिकामी आहे."