खुर्चीचं भाडं

बाबांनी वाटणी केली ती अशी: थोरल्याला रस्त्यावरचे गाळे, मला पिठाची गिरणी आणि ताईला आशीर्वाद. गिरणी होती त्यातल्याच एका गाळ्यात. म्हणजे यंत्र माझं, जागा दादाची. "भांडू नका रे," म्हणाले आणि गेले.

दादाने बाहेर खुर्ची टाकली आणि बसला तो बसलाच. मी दिवसभर पीठ खायचो, नाकातोंडात, पापण्यांवर. गिऱ्हाईक वाढलं की हा दाराशी हजर. "धंदा बरा दिसतोय रे!" की लगेच भाडं वर. त्याच्या घरावर मजला चढला, माझ्या पोरीची शाळा सुटली.

त्या दिवशी मी हात जोडले. "दादा, यंदा तरी थांब."

तो हसला. "तू राबतोस तेव्हा तुला पैसे मिळतात. मला बसल्या जागी मिळतात. मग शहाणा कोण?"

गिळलं मी ते. पचलं मात्र नाही.

आता बघा, दळण होईस्तोवर बाया थांबतात. त्या थांबतात म्हणून दादाच्याच शेजारच्या गाळ्यातला चहावाला चालतो, पलीकडचा शिंपी चालतो, भाजीवाली चालते. दादाला वाटायचं, लोक त्याच्या जागेसाठी येतात. समोरच ताईची पुढची खोली रिकामी होती. एका रविवारी गिरणी उचलली आणि तिथे नेऊन बसवली. ताईला भाडं नाही, निम्मा हिस्सा.

"फळला बाई आशीर्वाद," ताई म्हणाली.

दळणाचे डबे माझ्या मागे आले. डब्यांमागे चहावाला, मग शिंपी, मग भाजीवाली. गाळ्यांची शटरं एकेक करून खाली आली. माझी पोरगी परत शाळेत गेली.

मग एक दिवस दादा स्वतः डबा घेऊन आला. हळूच म्हणाला, "तिकडे ये परत. भाडं नको देऊस."

"नंबर लाव, दादा."

मागून आलेल्यांचं आधी दळलं. मुद्दाम. पाय भरून आले तसा तो चहावाल्याच्या खुर्चीकडे सरकला.

मी आतून ओरडलो, "फुकट बसू देऊ नका हो! भाडं घ्या खुर्चीचं!"

"घेतो की," चहावाला म्हणाला, "आणि चहा खपला की वाढवतो!"

बाया खो-खो हसल्या. दादा खिसा चाचपत उभाच राहिला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, तसा मी पट्टा चढवून गिरणी चालू केली.