जलालचं सील

संवत्सरीच्या, म्हणजे आम्हा जैनांच्या क्षमा मागायच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइलवरून चारशे अकरा लोकांची एकदम माफी मागितली. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा, मिच्छामि दुक्कडम्, खाली जोडलेल्या हातांचं चित्र. मग पारणं केलं, जुना पायजमा चढवला आणि अंगणात गाडीखाली शिरलो.

गिअरबॉक्समधून तेल गळत होतं. चाकाकडे जाणारा दांडा जिथून बाहेर येतो, तिथे तेल अडवायला एक रबरी कडं असतं, त्याला ऑइल सील म्हणतात. वारूळवाडीच्या जलाल मेस्त्रीने ते दोनदा बदललं होतं आणि दोन्ही वेळा महिन्याभरात फरशीवर पुन्हा डाग. मी मुळात तापट. नारायणगावात माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. तिथे गल्ल्यावर बसून आल्यागेल्याला सांगितलं, "जलालचा हात गेला आता. डुप्लिकेट माल टाकतो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. खोडदचा गेणू आपला टेम्पो दुसऱ्या गॅरेजला न्यायला लागला, त्याचं बघून आणखी चौघं. हे माझ्या कानावर आलं होतं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

त्या दिवशी घाटापलीकडे आणे गावाला थोरल्या बहिणीकडे क्षमा मागायला जायचं होतं. गळक्या गिअरबॉक्सने घाट चढायची हिंमत नव्हती, म्हणून नवं सील आणून स्वतःच बसलो. जे विकतो ते सगळं आपल्याला येतं, असा दुकानदाराचा समज असतो.

जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे दिले, चाक काढलं, तेल परातीत सोडलं. चाकाचा तो दांडा, म्हणजे एक्सल, ओढून काढायलाच तास गेला. मग स्क्रूड्रायव्हरने जुनं सील उचकटलं आणि पुसून उजेडात धरलं. डुप्लिकेट म्हणावं असं त्यात काही नव्हतं. रबर मऊ, आतली बारीक स्प्रिंग जागच्या जागी. दांड्यावरही साधा ओरखडा नाही. मी ते सील दोनदा फिरवून पाहिलं. दोष सापडावा म्हणून मी किती आतुर होतो, हे तेव्हा लक्षात आलं.

तरी नवं सील बसवलं. दुकानातल्या पाइपचा एक तुकडा त्यावर ठेवून चारी बाजूंनी सारखं ठोकलं, एक्सल जोडला. नवं तेल वरून भरायचं होतं, म्हणून बॅटरी बाजूला घेतली. तिच्याखाली गिअरबॉक्सच्या डोक्यावर बोटाएवढी एक नळी दिसली. नळीच्या तोंडात रबराचा बूच होता, वर काळी टेप, आणि टेपचं टोक दुमडलेलं. पुढच्या वेळी नखाने धरता यावं म्हणून टेपचं टोक दुमडून ठेवायची सवय आमच्या घरात एकालाच आहे.

मग आठवलं. उन्हाळ्यात गाडी धुताना ती नळी उघडी दिसली होती. एवढं महागाचं यंत्र, आणि तोंड उघडं! पाणी जाऊ नये म्हणून मीच ती बंद केली होती. बनवणाऱ्यांना अक्कल नाही असं म्हणालोही होतो.

आमच्या सौ., उगमबाई, चहा घेऊन आल्या. त्यांना सांगितलं की चालताना गिअरबॉक्स तापतो, आतली हवा फुगते, ती त्या नळीतून बाहेर पडायची. वाट मिळाली नाही की ती सीलमधून तेल ढकलते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कुकरची शिट्टी बांधून ठेवायची, आणि रिंग खराब म्हणून दुकानदाराशी भांडायचं."

चहा बाजूला ठेवून मी टेप सोलली, बूच उपटून खिशात टाकला, तेल भरून चाक लावलं. मला स्वतःची लाज वाटली.

गाडी निघाली ती आण्याला नाही, वारूळवाडीला. जलालच्या गॅरेजात एकच मोटरसायकल उभी होती. मी बूच त्याच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. "चूक माझी होती, जलालभाई. माफ कर."

त्याने बूच उलटसुलट करून पाहिला. "दुसऱ्यांदा गळलं तवा मलाबी वरनं बघायला पायजे व्हतं. तेवढं माझं चुकलं." मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "सकाळीच आली की तुमची माफी. माझ्या हाताखालच्या शाहनवाजलाबी हीच आली, त्या टायरवाल्यालाबी हीच. लई चांगलं लिवलंय. पन कशाबद्दल, ते न्हाई त्यात."

"म्हणून तर आलो."

"बरं केलं. मी केलं माफ." त्याने मोबाइल खिशात टाकला. "पन शेठ, हितं आपन दोघंच हाये. तवा तुमी दुकानात बोलला व्हता, चार मानसांत."

चाळीस वर्षं मी दर संवत्सरीला साऱ्या जगाची क्षमा मागत आलो. चूक कोणती, कुणाशी केलेली, हे नाव घेऊन एकदाही बोललो नव्हतो. जगाची माफी मागायला काही लागत नाही. ती एका माणसाची, लोकांदेखत मागायची म्हटलं की जीभ जड होते.

बाजाराच्या दिवशी दुकानात दहा-बारा गिऱ्हाइकं होती. गेणू ठिबकच्या नळ्या मोजून घेत होता. मी गल्ल्यावरून उठलो. "गेणू, जलालबद्दल मी बोललो ते खोटं होतं. त्याचं सील चांगलं होतं. गाडी मी बिघडवली होती, माझ्या हाताने."

गेणूने मोजणं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, मग मागे दाराशी उभ्या असलेल्या माणसांकडे.

"शेठ," तो म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

मी पुन्हा, मोठ्याने बोललो.