दुसऱ्या मजल्यावरचा थांबा

माझ्या भाच्याला गोड बोलायची सवय नाही. गेला आठवडाभर मात्र नुसता साखरेत घोळून येतो. "आत्या, पाय चेपून देऊ का?" म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आणि माझी सून समोर आली, की याची नजर फरशीवर!

सून म्हाताऱ्या माणसांच्या चालण्यावर संशोधन करते. जिना चढणाऱ्या बायकांच्या बुटांत बोटाएवढं यंत्र बसवून तिनं ढीगभर नोंदी जमवल्या. त्यात मीही आहे, नाव न लावता. मग सगळा डेटा इंटरनेटवर फुकट ठेवून मोकळी! मी म्हटलं, "अगं, असं कुणी उघड्यावर मांडतं का?"

"आई, कुणीही वापरावा म्हणूनच ठेवलाय. फक्त कुणी जमवला ते लिहायचं, एवढीच अट. लोक माझं नाव लिहितील, तरच माझी संस्था मला पुढं नोकरीवर ठेवेल."

अजून एकानंही लिहिलं नव्हतं.

परवा भाच्याचं त्याच्या कॉलेजात व्याख्यान होतं. एरवी शिंकला तरी गावभर सांगणारा हा, पण घरात कुणाला बोलावणं नाही. मी सुनेला घेतलं आणि जाऊन मागच्या रांगेत बसले.

पडद्यावर एक रेघ चढली, थांबली, परत चढली. भाचा म्हणाला, "ही बाई दर मजल्यावर थांबते. गुडघे निकामी, दम संपलेला. हा डेटा आम्ही फार कष्टानं गोळा केलाय."

सुनेनं माझा हात घट्ट धरला. "आई, ही रेघ तुमची आहे."

"माझी? मग दुसऱ्या मजल्यावर एवढा वेळ कशाला?"

"शिंपीणबाईंशी भांडत होतात. डेटासोबतच्या टिपणात मी लिहिलंय, ही बाई दमून नाही, बोलायला थांबते. यानं ते उघडलंच नाही. माझं नाव पहिल्याच ओळीत आहे हो."

मी उठले. व्यासपीठाच्या पायऱ्या एका दमात चढले. भाच्याचा चेहरा पांढराफटक.

"आत्या, तो... तो सगळ्यांसाठी मोकळाच असतो."

"मोकळा होता, घेतलास, त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण जिनं जमवला तिचं नाव गिळलंस, आणि वर माझे धडधाकट गुडघे मोडलेस! आत्ताच्या आत्ता तिचं नाव पडद्यावर लिही, मोठ्या अक्षरांत. आणि सांग सगळ्यांना, ही बाई भांडायला थांबते. तोवर माझा जिना चढायचा नाहीस."