दारातलं जाळं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आरमोरीच्या ठेकेदाराची माणसं गावतलावात उतरली आणि त्यांनी मोठं जाळं पसरलं. तलावातले रोहू मासेमारी करणाऱ्या बावीस ढिवर घरांनी जुलैत सोडलेले. सात महिन्यांत ते हातभर झाले होते.

"ठेका पंचायतीनं देल्ला, भाऊ," मुकादम म्हणाला आणि त्यानं ढिवरांचा म्होरक्या मुखरू याच्यापुढे ठरावाची नक्कल धरली. खाली सरपंच प्रफुलची सही होती.

ढिवरांत जुनी रीत आहे. ओलं जाळं धरून दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर पाणी मासा देत नाही. मे महिन्यात प्रचाराला आलेल्या प्रफुलनं मुखरूच्या दारातलं जाळं दोन्ही हातांनी धरलं होतं. "निवडून आलो तर तलाव ढिवरांचाच."

"दोन ओळी लिहून घे ना," ढिवरांतलाच हरिदास मागून म्हणाला होता.

"जाळ्याले हात लावला त्यानं. कागद कायले पायजे?" मुखरूनं त्याला सगळ्यांदेखत गप्प केलं. मग बावीस घरांनी एकगठ्ठा मतं दिली, आणि ठेक्याचा ठराव व्हायच्या आधीच तलावात माशांचं बीज सोडलं.

आठ वाजता मुखरूला प्रफुल त्याच्या घराच्या अंगणात दात घासताना सापडला.

"काका, वरून दबाव होता. पुढच्या साली पाहू."

"मासे याच साली वाढले, बाबू. जाळं धरून बोलला होतास तू."

प्रफुलनं सावकाश चूळ भरली. "वारत टाकलं होतं ते बांबूवर. आठवा जरा."

मुखरूला आठवलं. त्या आठवड्यात कोणी पाण्यात उतरलंच नव्हतं. जाळं खडखडीत कोरडं होतं.

"तुले रीत कोणं सांगितली?"

"माही आजी तुमच्याच मोहल्ल्यातली, काका. चहा घेता?"

मुखरू परतला तेव्हा वच्छला, त्याची बायको, नऊ-दहा बायांसह कंबरभर पाण्यात ठेकेदाराच्या जाळ्यापुढे उभी होती. "आमचे मासे हायेत. वढा जाळं आमच्यावरून," ती मुकादमाला सांगत होती.

हरिदास तलावाच्या पाळीवरच बसला होता. "काय म्हणते तुहा सरपंच?"

मुखरू त्याच्याशेजारी टेकला.

अकरा वाजता ठेकेदाराची दुसरी गाडी आली. जाळं तोवर कोणी ओढलेलं नव्हतं. हरिदासचं सरपंचाबद्दल तेच दोनदा विचारून झालं होतं.