गाडीत तीन माणसं

व्यवस्थापकसाहेबांना सगळा दवाखाना पाठीमागे ‘ॲडजस्टसाहेब’ म्हणायचा. नर्स कमी? ॲडजस्ट करा. खाट कमी? ॲडजस्ट करा. त्यांच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत एक खुर्ची तेवढी ॲडजस्ट झाली नाही, ती त्यांची स्वतःची.

आज ते स्वतः स्ट्रेचरवर होते. हृदयाचं दुखणं, दोन्ही हातांना औषधाचे पंप. बाराच्या आत मोठ्या दवाखान्याकडे निघा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अकरा वीसला गाडी फाटकाशी आली आणि तिथे खुर्चीत सिस्टर बसल्या होत्या.

सिस्टर फाटकावर कशा, तेही सांगायला हवं. पंप किंवा व्हेंटिलेटर लावलेला पेशंट हलवायचा तर ड्रायव्हरखेरीज एक पॅरामेडिक आणि एक आयसीयूची नर्स गाडीत हवीच, असा नियम. साहेबांच्या राज्यात ड्रायव्हर जायचा, एक वॉर्डबॉय जायचा, आणि नर्स कागदावर जायची. बहुतेक वेळा आयसीयूच्या या सिस्टरच, कारण त्यांच्या नावात जोडाक्षर नव्हतं, लिहायला सोपं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत एका शिलाईवालीची श्वासाची नळी वळणावर निसटली. मागे वॉर्डबॉय होता. त्याला उचलणं यायचं, नळी बसवणं नाही. बाई गेली. चौकशीत साहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “सिस्टर गाडीत होत्या. हलगर्जीपणा त्यांचा.” सिस्टर त्या दिवशी भाचीच्या शाळेत पालकसभेला बसल्या होत्या. अकरा महिने निलंबन. परत आल्यावर साहेबांनी त्यांना फाटकावर बसवलं, निघणाऱ्या गाड्यांचे फॉर्म तपासायला. “बसा आता माणसं मोजत,” म्हणाले होते.

सिस्टर मोजत होत्या.

“ड्रायव्हरकाका, एक. पॅरामेडिक, दोन.” त्यांनी फॉर्म उलटा-सुलटा केला. “तिसरी मी दिसतेय.”

कारकुनाने सवयीने जुनाच फॉर्म उतरवून काढला होता.

“अगं, मग बस की गाडीत,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “आयसीयूच्या दोघी रजेवर, तिसरी जागा यांनीच रद्द केली. तुझ्याशिवाय आहे कोण?”

“बसले असते, काका. पण मी आधीच एका गाडीत बसलेय. दोन वर्षं झाली, कुणी उतरवलंच नाही.”

सोबत आलेल्या साहेबांच्या बायकोला काही कळेना. “अहो सिस्टर, यांचा बीपी बघा ना आधी!”

“आल्याआल्या बघितलाय, वहिनी. वीस मिनिटं काही होत नाही. साहेबांची सही यायला तेवढा वेळ पुरेल.”

“कसली सही?”

“ते साहेबांना विचारा.”

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. साहेब गाडीच्या छताकडे बघत होते.

“सिस्टर,” साहेब क्षीण आवाजात म्हणाले, “हे बरोबर नाही. आत्ता निघू. सहीचं नंतर ॲड...”

“पूर्ण करा ना शब्द.”

त्या फेरीतला वॉर्डबॉय गाडीच्या पायरीवर उभा होता. साहेबांनी आशेने त्याच्याकडे पाहिलं, तर तो चार पावलं मागे सरकला. “मला उचलणं येतं फक्त, साहेब,” तो म्हणाला. हे तो चौकशीतही म्हणाला असता, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सिस्टरनी फॉर्म उलटा करून खाली कार्बन घातला आणि पेन पुढे केलं. पंपाच्या नळ्या सांभाळत साहेबांनी लिहिलं : त्या दिवशी सिस्टर गाडीत नव्हत्या. त्यांचं नाव मी घातलं. शिलाईवालीसोबत कोणीही नर्स नव्हती. खाली सही, तारीख, वेळ.

“साक्षीदार, वहिनी.”

वहिनींनी वाचलं. दोनदा वाचलं. सही केली, पेन परत दिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, “घरी आलात की बोलू.” आता बरं व्हावं की नाही, हे साहेबांना तिथेच ठरवता येईना.

एक प्रत फाटकाच्या फाईलला. दुसरी सिस्टरच्या खिशात, चौकशी समितीसाठी. मग त्या उठल्या, हात धुतले, पंपांचे आकडे वहीत टिपले, नळ्या हाताने तपासल्या आणि साहेबांच्या उशाशी बसल्या.

“तीन,” त्या म्हणाल्या. “चला काका.”

गाडी निघाली. पहिल्या वळणावर साहेबांनी विचारलं, “सिस्टर, नीट न्याल ना?”

“नियमात लिहिलंय, साहेब. दर पाच मिनिटांनी पेशंटकडे बघायचं.”

त्या बघत राहिल्या. पूर्ण सव्वा तास, दर पाच मिनिटांनी, एक शब्द न बोलता. साहेब डोळे मिटायचे. उघडले की समोर तेच डोळे. एकदा पंप किंचित अडला, तो त्यांनी साहेबांना कळायच्या आत सुरळीत केला. इतक्या काळजीने त्यांनी सख्ख्या भावालाही नेलं नसतं. साहेब जगायलाच हवे होते. मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही.